अण्णांचा व्हिएतनाम

व्हिएतनामला जायचं हे माझ्या डोक्यातून निघालं, अण्णांच्या नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात निखालस माझं म्हणावं असं एवढंच आहे.

अण्णा म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले. जुळे सोलापुरात एकाच मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत आणि गेली अठरा वर्षं दोन्ही घरांतल्या भाजीच्या वाट्या इकडून तिकडं जात असतात. मी बँकेतून निवृत्त झालो, ते पोस्टातून. मी मूळचा मैंदर्गीचा, घरात कानडी. त्यांचं मूळ घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं, घरात तेलुगू. एकमेकांशी आम्ही मराठीत बोलतो. ते मला साहेब म्हणतात, मी त्यांना अण्णा म्हणतो. लिहितानाही मी त्यांना अहो-जाहो करतोय, पण त्या सहलीच्या अकरा दिवसांत मनातल्या मनात कितीदा एकेरीवर आलो होतो ते माझं मला माहीत.

आता मला व्हिएतनामच कशाला हवं होतं, ते सांगतो. आमच्या कॉलनीत ज्येष्ठांचा कट्टा आहे. दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आम्ही जमतो, आणि कुणी परदेश करून आला की त्याला हातांच्या खुर्चीत बसवून, पुढ्यात माइक ठेवून बोलायला लावतात. एक निवृत्त इंजिनियर युरोपवर बोलले, एक मुख्याध्यापिका दुबईवर बोलल्या. एकजण तर नातवाच्या बारशाला अमेरिकेत गेले होते, घराबाहेरही फारसे पडले नव्हते, तेही पाऊण तास बोलले. मी आठ वर्षं दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांना टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा पुण्यात, त्यामुळं आयता परदेश नशिबात नव्हता. मला त्या खुर्चीत बसायचं होतं आणि लोकांनी माझं ऐकत राहावं असं सांगायला काहीतरी घेऊन यायचं होतं. याहून उदात्त कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

म्हणून मी तीन महिने तयारी केली. वेगळी वही केली. तिथलं हवामान, नद्या, इतिहास, खाडीतली बेटं, सगळं लिहून काढलं. अण्णांना मी जिन्यात सहज म्हणालो, "येताय का?" ते म्हणाले, "तुमी म्हणालाय तर येतो की." एवढीच त्यांची तयारी.

आमच्या दोन बॅगांपैकी एक निम्मी खाण्यानं भरली होती. कडक भाकरी, शेंगाचटणी, मेतकूट, लोणचं. मी शुद्ध शाकाहारी, आणि सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाही. बस सातला निघायची, म्हणजे मी साडेचारला उठून हॉटेलच्या खोलीत टॉवेल अंथरून बसायचो. तक्रार नाही, माझं व्रत आहे. पण त्या देशात मासा कशात नाही? भाजीवर माशाचा रस्सा, कोशिंबिरीवर माशाचं पाणी, साध्या शिजवलेल्या कोबीवरसुद्धा काहीतरी ओतलेलं. गाइड पोरगी बिचारी 'नो फिश, नो फिश' म्हणत ताट पुढं करायची आणि मला आधी वास यायचा. मग मी आणि आमची सौ. एका कोपऱ्यात भाकरी मोडून चटणीशी खायचो. खाडीतल्या बोटीवर, ज्या बेटांची मी अडीच पानं लिहून नेली होती ती बेटं समोर उभी असताना, माझं सगळं लक्ष वारा कुठल्या बाजूनं येतोय, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे, यावर होतं.

अण्णा मात्र त्या बोटीच्या स्वयंपाकघरातच होते. त्यांच्या घरी मासे-मटण चालतं. त्यांना इंग्रजी पाच-पन्नास शब्दांपुरतं येतं. तरी स्वयंपाक्याच्या खांद्यावर हात टाकून ते कढईत डोकावत होते, तो यांना काहीतरी चाखायला देत होता आणि दोघंही हसत होते. बाहेर येऊन मला म्हणाले, "साहेब, त्यात चिंच घालालेत. आमच्या आईवाणी."

मला चिडच आली. एकाच बसमधून आलो, एकाच हॉटेलात उतरलो, नकाशा माझ्या खिशात, आणि आईच्या हातची चव मिळाली यांना! माझ्या आईच्या चवीचं मी सोलापुराहून डब्यात बांधून आणलं होतं आणि ते चौथ्या दिवशी मऊ पडलं. वही उघडून मी त्या दिवसाखाली लिहिलं, 'बोटीची व्यवस्था बरी, जेवण असमाधानकारक.' आमची सौ. वाचून म्हणाली, "तुम्ही अजून बँकेतच आहात का हो?"

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते मला लागू करायला माझी हरकत नाही. पण जे घडत होतं ते मला दिसतही होतं. रस्त्यावर दुचाक्यांचा लोंढा बघून मी नाकाला रुमाल लावला, अण्णा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी आपल्या पेठेत असंच की." फुटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसून चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांत ते खुशाल जाऊन बसले. मी उभा राहून घड्याळ बघत होतो. मला प्रत्येक गोष्ट आपल्याकडं कशी नाही ते दिसायचं, त्यांना आपल्याकडं कशी आहे ते दिसायचं. हा देश त्यांना कुणीतरी आधीच ओळख करून दिल्यासारखा भेटत होता.

सातव्या दिवशी आम्हाला डोंगरातल्या एका गावी नेलं. खांबांवर उभी लाकडी घरं, खाली मोकळी जागा. बस थांबायच्या आत अण्णांनी मान वर केली आणि म्हणाले, "मग्गम."

हा शब्द मला कळला. तेलुगूत मग्गम, आमच्या कानडीत मग्ग, मराठीत माग. बसमधल्या पस्तीस माणसांत आमची दोन घरं सोडली तर तो शब्द दुसऱ्या कुणालाच कळला नाही आणि त्याचा मला क्षणभर अभिमानही वाटला. पण मी कान देऊन ऐकलं तेव्हा मला नुसती खटखट ऐकू आली. अण्णा म्हणाले, "हातमाग हाय. बाईमाणूस चालवालंय, पाय हलका पडालाय." खाली उतरून बघतो तर एका घराखाली खरोखरच सत्तरीची एक बाई मागावर बसलेली.

सगळे मोबाइल काढून उभे राहिले. बाई काम करत होती, आमच्याकडं बघतही नव्हती. रोज अशा चार बसा येत असणार. एवढ्यात धागा तुटला. ती पुढं वाकली, पण तुटलेलं टोक लांबच्या कडेला गेलं होतं, आणि अण्णा त्या कडेला उभे होते. त्यांनी विचारलं नाही, चपला काढल्या, वाकले, दोन्ही टोकं धरली. बोटांत काय झालं ते मला दिसलंच नाही. मग दातानं जास्तीचा धागा तोडला आणि हात मागं घेतला. गाठ दिसेना.

बाईनं आधी धागा बघितला, मग यांच्याकडं. मग अण्णांचा हात ओढून घेतला, पालथा केला, उताणा केला, बोटांची पेरं चाचपली. आणि हसली. दातांचा पत्ता नव्हता, पण काय हसली! सरकून तिनं पाटावर जागा केली. अण्णा बसले. त्यांनी हातानं विचारलं, तिनं मानेनं सांगितलं, आणि थोड्या वेळानं माग चालू झाला. आमचे लोक टाळ्या वाजवायला लागले. गाइड पोरगी म्हणाली की ती नऊ वर्षं इथं माणसं आणतेय, आजीनं कुणाला बसू दिल्याचं तिनं पाहिलं नव्हतं.

मी आमच्या सौ.ची पर्स धरून उभा होतो. मला हेवा वाटला. हेवा हा फार शिष्ट शब्द झाला, माझ्या पोटात दुखलं. तीन महिने मी या देशाचा अभ्यास केला आणि या देशानं हात धरला तो पोस्टातल्या माणसाचा! नंतर म्हातारीनं चहा दिला, मलाही दिला, पण तो अण्णांच्या सोबत आलेला माणूस म्हणून दिला हे मला पेला धरताना कळत होतं. मी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अण्णा, हे तर सोलापुरात घराघरात बघायला मिळतं. त्याला एवढ्या लांब कशाला यायचं?"

अण्णा म्हणाले, "व्हय की." आणि खरोखर मान हलवली.

त्या दुपारी ते जेवले नाहीत. बसमध्ये खिडकीपाशी बसून राहिले. भूक नाही म्हणाले. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, तुझं पोट भरलंय.

शेवटच्या दिवशी विमानतळावर सहल कंपनीचा फॉर्म भरायचा होता. निवास, भोजन, प्रवास, एकंदर समाधान, आणि खाली एक ओळ: सर्वांत काय आवडले? मी भोजनापुढं शेरा लिहिला, निवासाला 'ठीक' केलं, आणि त्या शेवटच्या ओळीपाशी माझं पेन थांबलं. अकरा दिवसांतून काढून लिहावं असं काही आठवेना. शेवटी 'निसर्गसौंदर्य' लिहिलं. मग परीक्षेत करावं तसं मान तिरकी करून अण्णांच्या कागदावर बघितलं. सगळीकडं 'उत्तम'. खालच्या ओळीवर एकच शब्द होता, 'आवाज'.

परतल्यावर कट्ट्याच्या सचिवांनी विचारलं, दोघांपैकी कोण बोलणार? अण्णा लगेच म्हणाले, "साहेबच बोलतील. मला चार माणसांत बोलाय येत न्हाय." मी नको-नको म्हटलं नाही.

शनिवारी मी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलो. मंडप भरला होता. अण्णा आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत, आमची सौ. त्यांच्या शेजारी. मी वही उघडली आणि सुरू केलं. लोकसंख्या सांगितली, नद्या सांगितल्या, बेटं किती ते सांगितलं. युरोपवाले इंजिनियर मोबाइल काढून माझा आकडा तपासायला लागले. मागच्या बाजूला कुणीतरी पंखा वाढवायला सांगितला. जेवणाचे हाल सांगितले तेव्हा थोडं हसू आलं, पण तेही मुख्याध्यापिकाबाईंच्या दुबईत येऊन गेलं होतं. आठ वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली तिच्यात बसून मी लोकांच्या जांभया मोजत होतो. आणि समोर अण्णा, इतक्या आस्थेनं ऐकत होते जणू ते तिथं गेलेच नव्हते. त्यांच्याकडं सांगायला होतं आणि त्यांना ते नको होतं, याचा मला इतका राग आला की वही मिटली आणि म्हणालो, "एका डोंगराळ गावात मी बसमधून उतरलो, आणि माझ्या कानावर मागाचा आवाज आला."

एकदा 'मी' निघाला की पुढचा रस्ता सोपा होता. म्हातारी सांगितली, तुटलेला धागा सांगितला. मी चपला काढल्या, मी वाकलो, मी गाठ मारली, मी धागा दातानं तोडला. तिनं माझा हात पालथा करून बघितला. हे मी छान सांगितलं, खोटं कशाला बोलू! पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. आमची सौ. जमिनीकडं बघत होती. कुणीतरी विचारलं, "साहेब, तुम्हाला मागाचं कसं ठाऊक?" तर मी आणखी एक ठोकून दिली: लहानपणी मैंदर्गीत आमच्या शेजारी माग होता. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते त्या दिवशी मी माइकवर दाखवलं.

पण सोलापुरात बसून मागाबद्दल खोटं बोलणं म्हणजे मंगळवेढ्यात जाऊन ज्वारीबद्दल थापा मारणं. तिसऱ्या रांगेतून एक आजोबा उठले. गिरणीत जन्म काढलेला माणूस. टेबलावर माझ्यापुढं चादर अंथरलेली होती, तिच्या दशीतून त्यांनी एक धागा उपसला, तोडून दोन केले आणि माझ्या हातात दिले. "दावा की साहेब. लई वर्सं झाली, कुणाच्या हातात बगितली न्हाय ती गाठ." त्यांचा आवाज भरून आला होता. संशय वगैरे काही नव्हता, त्यांना फक्त बघायचं होतं.

मी दोन टोकं धरून बसलो. सगळे माना उंचावून बघत होते. चपलेच्या बंदाची गाठ सोडून मला दुसरी येत नाही. कपाळावर घाम आला, विभूती ओली झाली. मी खूप वेळ बसलो होतो असं मला वाटलं, आमची सौ. म्हणते फार वेळ नव्हता.

अण्णा उठून पुढं आले. माझ्या बोटांतून धागे काढून घेतले आणि सगळ्यांना म्हणाले, "साहेबांच्या अंगठ्याला परवा दारात चेंबटलंय. मी दावतो. ह्यांनी तितं असंच केलतं." आणि एका झटक्यात गाठ मारली, दातानं टोक तोडलं, आजोबांच्या तळहातावर ठेवलं. आजोबांनी धागा दोन्ही बाजूंनी ओढून बघितला. सभामंडपात टाळ्या झाल्या, आणि त्या मला झाल्या.

घरी येताना बायका पुढं चालत होत्या. आमची सौ. माझ्याशी बोलत नव्हती. मी अण्णांच्या बरोबरीनं चालत होतो आणि खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं चाललं होतं. शेवटी म्हटलं, "अण्णा, राग आला असेल तर स्पष्ट बोला."

"कशाचा राग?"

"मी तुमचं माझं म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी उभा राहून खरं सांगतो."

"नका सांगू." ते थांबले. "बरं झालं तुमी सांगितलं. मला ते सांगताच आलं नसतं. आमच्या घरी माग होता साहेब. वडील गेले, तवा मी पोस्टात लागलो होतो. घरात तो आवाज मला नको वाटायचा, लाज वाटायची. मीच भंगारात घातला. त्या बाईच्या पाटावर बसलो अन् पाय आपोआप चालालेत. तितनं उठल्यावर दोन दिवस घास उतरला न्हाय बघा."

मी म्हटलं, "मला वाटलं, आपल्या सगळ्यांत तुम्हीच खूश होता."

"व्हतोच की," अण्णा म्हणाले. "फॉर्मावर लिवलं ते खरंच हाय." पुन्हा चालायला लागत म्हणाले, "आता ते तुमच्याकडंच राहू दे. मी सांगाय लागलो तर रडीन."

या ठिकाणी मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. इतक्या चांगल्या माणसाला मी लुबाडलं होतं आणि त्यानं वर मला झाकून घेतलं होतं. पण जिन्यात दिवा लावून अण्णा कुलूप उघडत होते, मी माझ्या दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडं बघत होतो, आणि खरं तेच लिहितो, मला पुन्हा हेवाच वाटला. त्यांच्या त्या न उतरलेल्या घासाचा वाटला. समुद्रापलीकडच्या एका गावानं त्यांना त्यांच्या बापाच्या मागापाशी नेऊन बसवलं. मी जगभर फिरलो तरी कुठली म्हातारी माझा हात पालथा करून काय ओळखणार? बँकेतल्या माणसाच्या हाताला काय असतं?

"उद्या सकाळी या की चहाला," अण्णा म्हणाले आणि दार लावून घेतलं.